लाओची आळी

“सर्व उंदरांना कळविण्यात येते की,” कॉम्रेड चू मोठ्याने वाचत होता, “बायको तीन विभागात उद्या सकाळी वाघ येणार नाही. तरी उंदरांनी आजच पुरेसा वाघ भरून ठेवावा.”

नळखात्याच्या कचेरीत सगळ्यांनी माना वर केल्या. मग हिशेबनीस बाईंच्या नाकातून एक फुर्रकन आवाज आला आणि पाठोपाठ सगळी खोली फुटली. नकाशे काढणारा पोरगा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. कुणाच्या तरी पेल्यातला चहा सांडला.

“वाघ येणार नाही हे बरंच झालं म्हणा,” हिशेबनीस बाई डोळे पुसत म्हणाल्या, “पण तो भरून कशात ठेवायचा?”

हसत नव्हता तो एकटा लाओ वेन. तो आपल्या टाइपयंत्रासमोर उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने लिहिलं होतं ‘सर्व रहिवाशांना’. त्याने लिहिलं होतं ‘तिसऱ्या विभागात पाणी येणार नाही’. इतकी वर्षं थिएनचिन शहरातल्या प्रत्येक बंद नळाची वर्दी याच हातांनी दिली होती. आपला हात चुकलेला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हात जिथे जायचा तिथेच गेला होता. मग जागा चुकली होती?

त्याने बोट पुढे करून तबक चाचपलं. लांबरुंद लोखंडी तबक, त्यात दाटीवाटीने उभे केलेले शिशाचे हजारो खिळे, प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. यंत्राची मूठ धरायची, वरचा रूळ हव्या त्या खिळ्यावर न्यायचा आणि दाबायचं. यंत्र खिळा उचलतं, कागदावर आपटतं, परत जागेवर ठेवतं. खट. मग पुढचं अक्षर. कुठला खिळा कुठे, हे शब्दकोशाच्या क्रमाने ठरलेलं. त्यात फेरफार करायचं कुणाच्या मनातही येत नसे.

“लाओ वेन, तब्येत बरी आहे ना?” चूने कागद टेबलावर ठेवला. चू वयाने बराच लहान, पण शाखेचा प्रमुख. “दुपारच्या आत नवी वर्दी चिकटवायची आहे. माणसं घागरी घेऊन माझ्या दारात येतील.”

“देतो,” लाओ वेन म्हणाला. “आत्ता देतो.” आणि तसाच उभा राहिला.

तेवढ्यात मेंग लानयिंग जिन्यावरून धावतच आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तोंड धापेने लाल, एका हाताच्या पिशवीत कोबीचा गड्डा. यंत्र एकच होतं. सकाळी त्यावर लाओ वेन बसायचा आणि दुपारी ती. तीन वर्षांपूर्वी त्यानेच तिला हे काम शिकवलं होतं, म्हणून ती त्याला शिफू म्हणायची, आपल्याकडे उस्ताद म्हणतात तसं. ती आल्या आल्या यंत्राकडे गेली, कागद वाचला आणि हातातली पिशवी खाली पडली.

“अगं आई गं. वेन शिफू, माझीच करणी आहे ही.”

“काय केलंस?”

“तबक हलवलं. सगळं नाही हो, फक्त मधलं. काल तुम्ही गेल्यावर बसले, आणि मग थांबवेचना. सकाळी तुमच्याआधी येऊन सांगणार होते, पण पोरीला ताप भरला, तिला सासूबाईंकडे सोडलं, त्यांना औषध आणून दिलं… पण म्हटलं, काही बिघडत नाही, शिफूंना कळेलच. मी लाल पट्टी लावली होती ना चारी बाजूंनी.”

“कुठली पट्टी?”

शब्द तोंडातून गेला आणि लाओ वेनला कळलं की तो परत घेता येणार नाही.

लानयिंगने तबकाकडे पाहिलं. पट्टी तिथेच होती, लग्नाच्या दारावर लावतात तसल्या भडक लाल कागदाची, चांगली बोटभर रुंद. मग तिने शिफूकडे पाहिलं. खिडकीशी ठेवलेलं त्याचं भिंग पाहिलं. वर्दीचा मजकूर तो नेहमी खिडकीत उभा राहून, कागद नाकाला लावून आधी पाठ करायचा. जुन्या माणसांची पद्धत असेल, असं तिला वाटत आलं होतं.

“शिफू,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही न बघता टाइप करत होता?”

काचबिंदू होता. गल्लीतल्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेलीही जाणार. लाओ वेनला जग आता बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, तेही मळकट. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. कचेरीत कळलं तर दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी करावी लागली असती. आणि खुर्ची सोडून तो करणार काय होता?

“मी कुण्णाला सांगणार नाही,” लानयिंग म्हणाली.

“सांगण्यासारखं आहे काय त्यात? तबक होतं तसं कर. आत्ताच्या आत्ता.”

लानयिंगने बारीक चिमटा घेतला, स्टूल ओढलं आणि एकेक खिळा उपसायला लागली. नाक ओढत होती. आणि प्रत्येक खिळ्याबरोबर तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. “हा शी… हा बान… हा हू… हा शू…”

“काय जप चालवलायस?” लाओ वेन खेकसला.

“जप कुठला. लाओची माणसं आहेत.”

“कोणाची?”

“लाओची.” ती चिमटा तसाच धरून त्याच्याकडे वळली. आवाज भलताच चढला. “शिफू, मला एक सांगा. लाओ म्हणजे म्हातारा, बरोबर? तुम्ही लाओ वेन, ते ठीक. मग उंदीर म्हातारा असतो का?”

“म्हणजे?”

“उंदराला आपण काय म्हणतो? लाओ-शू. पिल्लू कालच जन्मलेलं असलं तरी लाओ-शूच! वाघाचा बछडा दूध पीत असला तरी तो लाओ-हू. माझ्या पोरीच्या शाळेतली मास्तरीण बघितलीत ना, दोन वेण्या घालणारी? मिसरूड न फुटलेली मुलंसुद्धा तिला लाओ-शीच म्हणतात. यात म्हातारपण कुठे आलं? हा लाओ नुसता पुढे येऊन चिकटतो आणि शब्द उभा करतो. त्याच्याशिवाय उंदराला चालता येत नाही, वाघाला येत नाही, मास्तरला येत नाही. आणि मी काय करते? लाओ दाबते, तो वर डावीकडे. मग शीसाठी रूळ ओढत पार खाली. मग पुन्हा वर. दिवसभर नुसती बांधावरून चकरा. काल म्हटलं, बास झालं. लाओला मधोमध बसवला आणि त्याची सगळी माणसं त्याच्या भोवती. अख्खी आळी वसवली.”

“वाघ आणि मास्तर एका आळीत?”

“आणि बायकोपण. लाओ-फो. तिला अगदी खेटून ठेवलंय.”

“शब्दकोशात असं नाही,” लाओ वेन म्हणाला. पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता.

“शब्दकोश शोधायला असतो हो, शिफू. आपल्याला शोधायचं कुठे असतं? आपल्याला बोलायचं असतं.”

लाओ वेनने खुर्ची ओढली, बसला आणि मूठ हातात घेतली.

“उपसलेले परत घाल,” तो म्हणाला. “आणि मला सांग. लाओ कुठे?”

लानयिंगने त्याच्या हातावर हात ठेवून रूळ नेला. “हा. आता शी याच्या लगेच उजवीकडे. एक घर.”

खट. खट.

लाओ वेनचा हात थबकला. त्याने पुन्हा केलं. खट-खट. मास्तर. मग तिने सांगितलं तसं एक घर खाली. खट-खट. उंदीर. तिरकं वर. खट-खट. वाघ. आजवर त्याने या यंत्रातून एकेक सुटं अक्षर पडताना ऐकलं होतं, दोन अक्षरांमध्ये रूळ सरकण्याची घरघर ऐकली होती. आज पहिल्यांदा त्याला अख्खा शब्द ऐकू आला.

“अरेच्चा,” तो म्हणाला. “अरेच्चा! शिआओ मेंग, हा वाघ तर लाओच्या खिशातच आहे की!”

“तेच तर सांगतेय!”

“आणि शिआओ? शिआओचं काय केलंस? तोही पुढेच चिकटतो. तू शिआओ मेंग, धाकटी म्हणून. पण चोर? चोराला आपण शिआओ-थोउ म्हणतो. चोर काय नेहमी धाकटाच असतो?”

लानयिंगने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. “हा मला सुचलाच नव्हता.”

“आणि दी! दी-यी पहिला, दी-अर दुसरा, दी-सान तिसरा. आपल्या प्रत्येक कागदावर पहिला विभाग, दुसरा विभाग, तिसरा पंप. आकडे सगळे एका कोपऱ्यात आणि दी दुसऱ्या. अगं, आपण माणसं आहोत का बैल?”

कॉम्रेड चू दारात येऊन उभा होता. “वर्दीचं काय झालं?”

“होतेय,” लाओ वेन मान न वळवता म्हणाला. “तबक नव्याने लावतोय. माझ्या सांगण्यावरून. सकाळचा घोटाळा त्यामुळेच झाला.”

लानयिंगने चमकून वर पाहिलं. लाओ वेनने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा क्वेइछिन, त्याची बायको, ओट्याशी पिठाच्या चकत्या लाटत होती. कांद्याची पात आणि अंड्याचं सारण वाडग्यात कालवून ठेवलेलं. तिने पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं.

“काय हो म्हातारबा, आज जिना उडत चढलात की काय? पडाल एखाद दिवशी.”

“लाओ लावून एक शब्द सांग,” लाओ वेन टोपी काढायच्या आतच म्हणाला.

“आं?”

“लाओने सुरू होणारा शब्द. पण त्यात म्हातारपण नको. वाघ, उंदीर, मास्तर झाले.”

क्वेइछिनला एक अक्षरही लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने लाटणं थांबवलं नाही. “घार,” ती म्हणाली. “लाओ-यिंग.”

“घार! शाब्बास!”

“मालक. गाववाला. बायको, म्हणजे मी. मी म्हातारी आहे, पण लग्नाच्या दिवशीही तुम्ही मला लाओ-फोच म्हणाला होतात, तेव्हा मी सतरा वर्षांची होते.” तिला आता गंमत वाटायला लागली. “वरचा देवबाप्पा, लाओ-थिएनये. आणि मक्याचं कणीस! माझ्या माहेरी लाओ-यूमी म्हणतात. एवढुसं कोवळं, दाबलं तर दूध येतं, तरी लाओ!”

लाओ वेन खुर्चीत बसून हसत सुटला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. कणीस! अख्ख्या शब्दकोशात नसलेलं कणीस त्याच्या बायकोने पिठाच्या हातांनी काढून दिलं होतं. मग शिआओवर गाडी गेली, आणि मग त्याने ‘ख’ आठवला. ख म्हणजे नुसता होकार, चालेल म्हणणारा. पण प्रेमाच्या पुढे लावला की ख-आय, लाडकं. भीतीच्या पुढे लावला की ख-फा, भयंकर. “आणि तोंडाच्या पुढे लावला तर?” त्याने विचारलं.

“ख-खोउ,” क्वेइछिन म्हणाली. “चविष्ट. ते जेवल्यावर म्हणा, आधी नको.” आणि मग सहज, पुढची चकती हातात घेत, “लाओ-दा राहिला की. थोरला. लाओ-दा, लाओ-अर…”

ती थांबली.

त्यांचा थोरला शांघायला गोदीत कामाला होता. धाकटा, दुसरा, घरात ज्याला लाओ-अर म्हणायचे, तो महापुराच्या साली गेला. पुराने नव्हे, नंतर आलेल्या तापाने. त्याला लाओ-अर म्हणून हाक मारलेली या घरात पुष्कळ वर्षांत कुणी ऐकली नव्हती.

क्वेइछिनने चकतीत सारण भरलं, कडा दुमडल्या, एकेक चुणी घातली. “तोपण ठेवा तुमच्या तबकात,” ती म्हणाली.

“अर म्हणजे दोन. तो आकड्यांत आहे. दीच्या आळीत.”

“मग दोन्ही आळ्यांच्या मधे ठेवा. म्हणजे इकडूनही हाताशी आणि तिकडूनही.”

दुसऱ्या दिवशी लाओ वेनने लानयिंगला नेमकं तेच करायला सांगितलं आणि का ते सांगितलं नाही. करून पाहिल्यावर लानयिंग म्हणाली की ही युक्ती फार झकास आहे, दोन आळ्यांना सामाईक भिंत असली की जागा वाचते. मग तिने दोन-चार आणखी खिळे तसेच बसवले.

ते दिवस कसे गेले, दोघांनाही कळलं नाही. दुपारी शिफ्ट बदलताना लाओ वेन घरी जायचं नावच घ्यायचा नाही. डबा तिथेच उघडायचा, एका हातात वाफेचा पाव आणि दुसरा हात तबकावर. दोघं भांडायचीसुद्धा कडाक्याची.

“आणि खरोखरचा म्हातारा? लाओ-रन? त्याला कुठे ठेवू?” लानयिंग विचारायची.

“तो आळीतला नाही. त्यात लाओ चिकटलेला नाही, तो खराच म्हातारा आहे. त्याला मागच्या रांगेत टाक.”

“मागच्या रांगेत कसं टाकायचं? मोफत पाण्याचे अर्ज काय तरुण लोक करतात?”

“बरं, बरं. बसव कोपऱ्यावर. पण बाकड्यावर, खुर्ची देऊ नको.”

हिशेबनीस बाई येता-जाता कान देऊ लागल्या. नकाशेवाला पोरगाही एकदा ओरडला, “शिफू, लाओ-बायशिंग घेतलात का?” सामान्य जनता! नळखात्याच्या कागदांवर तीन ओळींत एकदा येणारा शब्द, आणि तोच राहिला होता. लाओ वेनने कपाळाला हात लावला आणि सगळी कचेरी पुन्हा हसली, पण या वेळी त्याच्यासकट.

आणि हात वेगाने धावू लागला होता. लाओ वेनचाही. नव्या जागा पाठ करायला त्याला डोळे लागत नव्हते. मधलं अक्षर सापडलं की त्याची माणसं आपोआप हाताखाली यायची. आधी हजारो घरं पाठ करावी लागली होती. आता थोडे घरमालक ओळखले की पुरत होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याची बोटं पांघरुणावर फिरायची आणि क्वेइछिन म्हणायची, “झोपा आता, वाघही झोपला असेल.”

मग एके सकाळी कॉम्रेड चू आला आणि म्हणाला की महिनाअखेर शहरातल्या सगळ्या कचेऱ्यांच्या टाइपिस्टांची स्पर्धा आहे, कामगार क्लबाच्या सभागृहात, आणि आपल्याकडून लाओ वेनचं नाव कळवलंय.

“माझं नको,” लाओ वेन म्हणाला. “शिआओ मेंगचं द्या.”

“तुम्ही ज्येष्ठ आहात. ती अजून लहान आहे. शिवाय नाव गेलंय.”

“बदलून घ्या.”

“का पण? काही कारण?”

लानयिंग अजून आली नव्हती. खोलीत सगळे आपापल्या कामात होते, पण लेखण्या थांबल्या होत्या, एवढं लाओ वेनला ऐकू येत होतं. तब्येतीचं निमित्त सांगता आलं असतं. पाठदुखी सांगता आली असती. ती त्याच्या जिभेवर आलीही. पण मग स्पर्धेच्या दिवशी तबक उचलून नेताना, कुणीतरी हातात छापील मजकूर देताना, सगळ्यांसमोर उघडं पडायचं. आणि त्यात लानयिंगची संधीही जायची. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या दिवसांत तो इतका खूष होता की भ्यायचंच विसरला होता.

“मला दिसत नाही, कॉम्रेड चू,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. तुमचा चेहरा मला दिसत नाहीये. तुम्ही आज निळं जाकीट घातलंय की करडं, हेही मला माहीत नाही. मी हातांच्या आठवणीवर टाइप करतो. मजकूर मोठ्या अक्षरात नसेल तर स्पर्धेत माझी फजिती होईल, आणि खात्याचीही.”

चूने आपल्या जाकिटाकडे पाहिलं.

“करडं आहे,” चू म्हणाला. “शिआओ मेंगचं नाव कळवतो. तुमचं… स्पर्धा झाली की बघू.” मग जाता जाता दारात थांबला. “त्या दिवशी मी ती वर्दी सगळ्यांसमोर वाचायला नको होती.”

“छे, छे,” लाओ वेन म्हणाला. “फार छान वाचलीत.”

स्पर्धेच्या सकाळी तीनचाकी हातगाडीवर यंत्र चढवलं. लाओ वेन गाडीत बसला, तबक मांडीत घेऊन, दोन्ही हात त्याच्याभोवती. लोखंडी पुलावर गाडी खडखडली की तो गाडीवाल्यावर ओरडायचा, “सावकाश रे बाबा! एक खिळा उडाला तर अख्खी आळी बेघर होईल!” लानयिंग बाजूने चालत होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पुलाच्या टोकाला त्याने तिला गरमागरम धिरडं घेऊन दिलं, आत कुरकुरीत तळलेली काडी घातलेलं, आणि ती खाईपर्यंत गाडी पुढे हलू दिली नाही.

सभागृहात यंत्रांच्या रांगा लागल्या होत्या. शिट्टी वाजली आणि एकदम गारांचा पाऊस पत्र्यावर कोसळावा तसा आवाज उसळला. लाओ वेन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पहिल्यांदा त्याला नुसता गोंगाट ऐकू आला. मग हळूहळू त्यातून एक यंत्र सुटं झालं. बाकीची यंत्रं खट, घर्रर्र, खट, घर्रर्र अशी चालत होती. हे एकच मधे मधे खट-खट, खट-खट-खट करत सुटत होतं, पळताना मध्येच उडी मारणाऱ्या पोरासारखं.

“दी-यी,” लाओ वेन शेजारच्या गाडीवाल्याच्या कानात म्हणाला. “पहिलं काहीतरी आहे. पहिली शाळा, पहिली गिरणी. थांब… लाओ-शी! मास्तर आहेत. शाळाच आहे!”

“तुम्हाला कसं कळलं?”

“गप्प रहा. लाओ-बायशिंग! ऐकलंस? तीन खट, घरघर नाहीच! अरे वा रे पोरी! वा!” त्याने गाडीवाल्याचा दंड इतका घट्ट धरला की तो बिचारा कळवळला. एकदा लानयिंगचा हात अडकला, रूळ लांब गेला, परत आला. मग पुन्हा खट-खट सुरू झालं आणि त्याने भिंतीवर हात आपटला. आपल्या यंत्रावर बसून एवढा आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. आणि आज तर तो यंत्रावर नव्हताच.

लानयिंग दुसरी आली. पहिला आला रेल्वेतला एक काटकुळा माणूस, ज्याची बोटं म्हणे आगगाडीसारखी चालतात. दुसऱ्या क्रमांकाला पांढरं, लाल काठाचं इनॅमलचं घमेलं मिळालं. ती ते काखेत मारून धावत आली, पण लाओ वेनपर्यंत पोचायच्या आधीच तिच्या यंत्राभोवती गर्दी झाली होती. सगळ्या टाइपिस्ट बायका, पुरुष वाकून तबकात बघत होते. रेल्वेवालाही होता.

“हे काय आहे? मांडणी कुणाची?” एका परीक्षकाने विचारलं.

“आमच्या शिफूंची,” लानयिंग म्हणाली.

“खोटं बोलते,” लाओ वेन गर्दीतून वाट काढत म्हणाला. “सुरुवात हिची. मी नुसता भांडायला होतो. आणि थोडी माझ्या बायकोची, तिला लिहिता येत नाही.”

लोक हसले. मग प्रश्न सुरू झाले, आणि लाओ वेनने एकेक आळी बोटाने दाखवली, कुठला खिळा कुठे, का तिथे, कुणाशी भांडून तिथे. तो तबकाकडे बघत नव्हता, समोर बघत होता. काहींच्या ते लक्षात आलं.

“आम्ही हे उतरवून घेऊ का?” एका दवाखान्यातल्या बाईने विचारलं.

“खुशाल घ्या. पण उपयोग होणार नाही. आम्ही पाण्याची माणसं. तुमच्याकडे लाओच्या शेजारी कोण कोण राहायला येतं, ते तुम्हालाच ऐकावं लागेल.”

पुढच्या महिन्यात चूने त्याचा निवृत्तीचा कागद करून घेतला आणि स्वतः घरी आणून दिला. खात्याच्या दवाखान्यातही नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनीही गल्लीतल्या डॉक्टरचंच म्हणणं सांगितलं. लाओ वेन सकाळी क्वेइछिनबरोबर भाजी आणायला जाऊ लागला. नंतर एकटाही जाऊ लागला, भिंतीच्या कडेकडेने.

थंडी पडल्यावर एक दिवस तो कचेरीत आला. खणात राहिलेला चहाचा पेला न्यायचा होता, असं म्हणाला. लानयिंग आता सकाळ-दुपार दोन्ही वेळ यंत्रावर होती. तिने उठून खुर्ची द्यायला घेतली, पण तो तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांच्या बाकावर बसला. “तू कर तुझं काम. मी जरा टेकतो.”

यंत्र सुरू झालं. लाओ वेन डोळे मिटून ऐकत राहिला. खट-खट. खट-खट-खट. मग एक लांब घर्रर्र. पुन्हा थोडं चाललं, आणि पुन्हा तेच लांब घर्रर्र.

“काय आहे ते?” त्याने विचारलं.

“छाओ. ठरल्यापेक्षा जास्त. हल्ली प्रत्येक अहवालात येतो, शिफू. ठरल्यापेक्षा जास्त नळ, जास्त पंप, जास्त सगळंच. पण तो पार कडेला आहे आणि मधे जागाच नाही. कुणाला उठवू?”

लाओ वेनने तबकावर फिरवावीत तशी बोटं मांडीवर फिरवली.

“विहीर आहे ना, पाण्याच्या शेजारी?”

“आहे.”

“गेल्या महिन्यात किती वेळा लागली?”

लानयिंगने आठवून पाहिलं. “एकदाही नाही,” ती म्हणाली.

“मग तीच काढ.”

चिमटा उचलल्याचा आवाज आला. खिळा जागेवरून सुटला आणि बाजूच्या, क्वचित लागणाऱ्या अक्षरांच्या पेटीत टिक करून पडला. मग दुसरा खिळा आत सरकला. लानयिंगने मूठ धरली. खट-खट. घरघर नव्हती.

“हं,” लाओ वेन म्हणाला. तो उठला, हाताने दाराची चौकट शोधली आणि कठडा धरून जिना उतरायला लागला. वर यंत्र चालूच होतं.